पॉलिहाऊससाठी सीओटूचा संच घ्यावा का?

झाडे जोमाने वाढावीत म्हणून आतल्या हवेत सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू, सोडणारे संच मिळतात. खोके उघडले की पाच वस्तू हाती येतात: दोन डायलचा पितळी रेग्युलेटर, त्याला जोडलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडमीट होणारी झडप), सेन्सरसकट भिंतीवर लावायचा कंट्रोलर, भोके पाडलेली नळी आणि बुडबुडे मोजायची काचेची कुपी. सिलिंडर आपला आपण आणायचा. नावे वेगवेगळी असली तरी हे संच आतून जवळपास सारखेच असतात, म्हणून इथे एका कंपनीचे नव्हे तर या जातीच्या संचाचेच परीक्षण केले आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. बाजूंना जाळी असलेल्या पॉलिहाऊससाठी हा संच घेऊ नका. बंद खोलीत, एलईडीखाली रोपे किंवा पालेभाज्या करत असाल तर घ्या. पण त्यातली एक वस्तू बाजूला ठेवा, एक सेटिंग बंद करा आणि दोन वस्तू वरून आणा.

पॉलिहाऊसला नको का, याचा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. गोव्यातली पॉलिहाऊस बहुतेक नैसर्गिक वायुवीजनाची आहेत: वर प्लास्टिक, बाजूंना जाळी, माथ्याला उघडी फट. १००० चौरस मीटरचे घर, सरासरी उंची ४ मीटर, म्हणजे आत ४००० घनमीटर हवा. बरा वारा असला तर ही हवा तासाला तीसेक वेळा बदलते. बाहेरच्या हवेत आज ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) थोडा वर सीओटू आहे. तो आत ८२० वर न्यायचा तर एका भरणीला १.६ घनमीटर वायू लागतो. २५ अंश तापमानाला १ किलो सीओटू साधारण ०.५५ घनमीटर जागा व्यापतो, म्हणजे एका भरणीला २.९ किलो, आणि तीस भरण्यांना तासाला ८६ किलोच्या आसपास. ३० किलोचा सिलिंडर वीस मिनिटांत संपला. त्यातले पिकाने घेतले किती? कडक उन्हात, पानांनी जमीन झाकलेली असताना, एवढ्या क्षेत्रावर तासाला चारेक किलो. उरलेला सगळा शेजारच्या कुळागरात. पोफळींचे भले होईल असेही नाही, कारण तिथे पोचेपर्यंत तो पातळ होऊन गेलेला असतो.

'मग पडदे बंद ठेवा' असे विक्रेता सुचवतो. मार्चच्या दुपारी पडदे सोडलेल्या घरात पारा चाळिशी ओलांडतो. त्यापेक्षा मिरचीला ४२० पीपीएमच बरे.

उलट एक फुकटचा सीओटू आहे आणि तो बहुतेकांकडून वाया जातो. जुलैत पावसाचा मारा चुकवायला पडदे दिवसभर खाली असतात. आत पीक दाट असेल तर उजाडल्यापासून ते सीओटू ओढत राहते, बाहेरचा आत येत नाही, आणि उघडीप पडून ऊन आले की पातळी ३०० च्याही खाली जाते. झाडाच्या प्रतिसादाचा आलेख खालच्या टप्प्यात उभा चढतो आणि वरच्या टप्प्यात आडवा होत जातो. त्यामुळे ३०० वरून ४२० वर येण्यात प्रत्येक पीपीएममागे जो फायदा आहे, तो ८०० वरून ९२० वर जाण्यात नाही. पाऊस थांबल्याबरोबर वाऱ्याच्या आडोशाचा पडदा दीड-दोन फूट उचलणे आणि आतले पंखे चालू ठेवणे, एवढेच करायचे आहे. संचातला मीटर पॉलिहाऊसवाल्यांच्या कामाचा असेल तर तो हे पाहण्यासाठी.

खोक्यांवर '३०-४० टक्के जास्त उत्पन्न' लिहिलेले असते. आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकी संशोधक किम्बॉल यांनी १९८३ मध्ये ४३० निरीक्षणे एकत्र केली, तेव्हा सीओटू दुप्पट केल्यावर उत्पन्नात सरासरी ३३ टक्के वाढ दिसली. पण त्यातले बहुतेक प्रयोग काचघरांतले आणि बंद कक्षांतले होते. पुढे उघड्या शेतात नळ्यांची रिंगणे लावून हवेतच सीओटू सोडण्याचे प्रयोग झाले, तेव्हा मोठ्या धान्यपिकांतली वाढ बंद कक्षांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास निघाली. शिवाय झाडागणिक फरक पडतो, आणि तो खोक्यावर कुठेच नसतो.

मिरची, वांगी, टोमॅटो, काकडी, भात, आळसांदे (चवळीची जात), केळी ही सगळी सी-३ गटातली. यांच्या पानातले रुबिस्को हे विकर सीओटूऐवजी चुकून ऑक्सिजन पकडते आणि केलेली कमाई काही प्रमाणात जाळून टाकते. तापमान वाढेल तशी ही चूक वाढते. भोवती सीओटू जास्त असला की ती कमी होते, म्हणून या गटाला फायदा होतो आणि तो उबेत जास्त होतो. ३० अंशांच्या खोलीत हा संच २२ अंशांपेक्षा जास्त काम करतो ही गोव्याच्या बाजूची गोष्ट. (३५ च्या पुढे मिरचीचा परागच मरतो. तिथे वायू काही करू शकत नाही.) आळसांद्यासारख्या शेंगवर्गीयांना आणखी लाभ होतो, कारण वाढीव साखर मुळांवरच्या गाठींना मिळते आणि नत्राची तूट पडत नाही.

आता तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ. गोव्यात घरोघरी लागणारी, लवकर तयार होणारी, म्हणून बंद खोलीत ट्रे लावणारे पहिल्यांदा हीच पेरतात. आणि नेमकी ही सी-४ गटातली! मका, ऊस, ज्वारी यांच्यासारखी ती पानाच्या आतच सीओटू दाटवून रुबिस्कोला पुरवते, बाहेर ४२० असो की ९०० असो. पाण्याची ओढ नसेल तर तिच्यावर गॅस घालणे म्हणजे भरल्या घागरीवर पाणी ओतणे. 

ऑर्किडवाल्यांची फसगत वेगळीच. डेन्ड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस ही जाड पानांची ऑर्किडे पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात आणि बराचसा सीओटू तेव्हाच घेतात. अननसाचेही तसेच. संचाच्या कंट्रोलरला मात्र उजेडाचा डोळा बसवलेला असतो: अंधार पडला की गॅस बंद. म्हणजे झाड तोंड उघडते तेव्हा नळ बंद आणि मिटते तेव्हा चालू. काही कंट्रोलरमध्ये हा डोळा मेन्यूतून बंद करता येतो, काहींत तो बंद करताच येत नाही. ऑर्किडसाठी घेत असाल तर हा प्रश्न आधी विचारा.

आता एकेका वस्तूकडे.

रेग्युलेटर ठीक आहे. पितळ जाड असते, डायल वाचता येतात. पण तो एका टप्प्याचा आहे. सिलिंडरात द्रव संपून फक्त वायू उरला की आतला दाब झपाट्याने उतरतो आणि अशा रेग्युलेटरचा बाहेरचा दाब त्या वेळी आपोआप चढतो. शेवटचा माल एकदम खोलीत येतो. दोन टप्प्यांचा रेग्युलेटर हे करत नाही, पण महाग पडतो. एका टप्प्याचाच ठेवायचा तर सिलिंडर वजनकाट्यावर उभा करा. मोठ्या डायलवर विसंबू नका: आत द्रव आहे तोवर काटा २५ अंशांना ६४ बारच्या आसपास ठाण मांडून बसतो, सिलिंडर भरलेला असो की निम्मा उरलेला. रिकामे वजन सिलिंडरच्या मानेवर कोरलेले असते. त्यावर ३००-४०० ग्रॅम उरले की उतरवायचा. मेमध्ये काटा अचानक वर गेला म्हणून घाबरू नका. ३१ अंशांच्या पुढे सीओटू द्रव राहत नाही आणि दाब तापमानाबरोबर चढतो. सिलिंडर सावलीत हवा तो यासाठी.

जोडणीत वायसर विसरला जातो. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामधला सपाट नायलॉनचा वायसर हीच खरी सील. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, आटे नीट बसत नाहीत. परदेशी मापाचा रेग्युलेटर इथल्या व्हॉल्व्हला बसेलच असे नाही, तेव्हा पैसे देण्याआधी सिलिंडर आणि रेग्युलेटर एकमेकांना लावून पाहा. मग साबणाचा फेस प्रत्येक सांध्यावर. बुडबुडा दिसला नाही तरी रात्रभर व्हॉल्व्ह उघडा ठेवून सकाळी वजन करा. सोलेनॉइड बंद असताना वजन उतरले तर गळती आहेच.

सिलिंडर आणताना एक सापळा. जुना अग्निशामक सिलिंडर स्वस्तात मिळतो म्हणून घेतला जातो. त्यात तळापर्यंत जाणारी नळी असते, कारण आगीवर द्रवच फवारायचा असतो. तो उभा ठेवून रेग्युलेटर लावला की वायूऐवजी द्रव वर चढतो, रेग्युलेटरवर बर्फ धरतो आणि आतला पडदा फाटतो. ती नळी काढून घेतल्याशिवाय असा सिलिंडर लावू नये, आणि ते काम गॅसवाल्यानेच करायचे. सीओटूच्या सिलिंडरची दाबचाचणी पाच वर्षांनी होते आणि तारीख मानेवर ठोकलेली असते. ती उलटून गेली असेल तर भरून घेऊ नका. गॅस खाण्यापिण्याच्या दर्जाचा मागा, सोडा करणारे वापरतात तो. वेल्डिंगच्या गॅसमध्ये तेलाचा किंवा इतर वायूंचा अंश असू शकतो आणि इथिलीनचा अंशही फुले गाळायला पुरतो.

बाजूला ठेवायची वस्तू म्हणजे ती काचेची कुपी. हा मत्स्यपेटीचा सरंजाम आहे. पाण्यात वायू हवेच्या तुलनेत दहा हजार पट सावकाश पसरतो, पाणवनस्पतींना लिटरमागे ३० मिलिग्रॅम पुरतो, तिथे सेकंदाला एक बुडबुडा हे माप बरोबर. तोच वेग ३० घनमीटरच्या खोलीत लावला तर ४२० वरून ९०० वर यायला दोन दिवस जातील, तेही खोली हवाबंद असली तर. तिच्या जागी मिनिटाला ० ते ५ लिटर दाखवणारा फ्लोमीटर बसवा. वरून आणायची पहिली वस्तू हीच.

सोलेनॉइड बहुतेक संचांत 'वीज नसता बंद' या प्रकारचा असतो, आणि तोच हवा. पावसाळ्यात वीज जाणार, पंखे थांबणार, तेव्हा गॅसही थांबला पाहिजे. प्लग काढून फुंकर मारून तपासा, हवा जाता कामा नये. त्याची कॉइल हाताला चटका बसण्याइतकी तापते, तो दोष नव्हे. दोष दिसतो तो टर्मिनलवर: किनाऱ्याजवळ एका पावसाळ्यात तिथे हिरवा गंज चढतो. ग्रीस लावून झाकणाच्या फटी बंद करा.

संचाची किंमत खरे तर सेन्सरची आहे, म्हणून त्यावर जरा जास्त. सेन्सर एनडीआयआर प्रकारचा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश शोषून मोजणारा असला पाहिजे. स्वस्त संचांत दुसराच सेन्सर असतो, तो हवेतली सेंद्रिय बाष्पे मोजून सीओटूचा अंदाज बांधतो. पारख सोपी: सॅनिटायझरचा बोळा जवळ धरा. एनडीआयआर जागचा फारसा हलत नाही, दुसरा उसळी मारतो. अशा सेन्सरजवळ हुर्राकाचा (काजूच्या दारूचा) पेला ठेवला तरी तो खोलीत सीओटू भरपूर आहे असे सांगून गॅस बंद करील.

सेन्सर खरा निघाला तरी मेन्यूत 'ऑटो कॅलिब्रेशन' चालू असते, आणि बंद करायची सेटिंग ती हीच. ऑफिसात वापरायच्या मीटरसाठी ती सोय ठीक: गेल्या आठवडाभरातले सर्वांत कमी मोजमाप म्हणजे ताजी हवा, असे धरून तो स्वतःला ४०० वर आणतो. तुमच्या खोलीत आठवडाभर पातळी ८०० च्या खाली गेलीच नाही तर तो ८०० लाच ४०० समजायला लागतो. मग पडद्यावर ९०० आणि खोलीत १३००. गॅस जास्त जातो, वाढ तेवढीच, आणि 'सिलिंडर लवकर संपतो' ही तक्रार. सेटिंग बंद करा आणि महिन्यातून एकदा सेन्सर अंगणात नेऊन, वीस मिनिटे थांबून, तोंड लांब ठेवून ४२० वर लावा. तोंड लांब, कारण उच्छ्वासात सुमारे ४०,००० पीपीएम सीओटू असतो. माणूस हलके काम करताना तासाला अठरा-वीस लिटर सोडतो, आणि ३० घनमीटरच्या बंद खोलीत एक माणूस तासात पातळी सहाशेने वाढवतो. रोपे भरायला दोघे जण तासभर आत असतील तर त्या वेळी सिलिंडर उघडायचीही गरज नसते.

पावसाळ्यात सेन्सरच्या आत दव धरते आणि आकडा भलताच वर दिसतो. तो थंड भिंतीला चिकटवून लावू नका, एसीच्या झोतात तर नाहीच. पानांच्या उंचीवर, नळीपासून लांब टांगा.

बसवताना नळीचे तोंड फिरत्या पंख्याच्या मागे ठेवा. 'गॅस जड आहे, खाली बसतो' हे सिलिंडरमधून थंड धार पडते तेव्हा खरे. एकदा हवेत मिसळला की तो वेगळा होत नाही. ४ बाय ३ मीटरच्या, अडीच मीटर उंच खोलीत ४२० वरून ९०० वर जायला सव्वीसेक ग्रॅम लागतात: मिनिटाला १ लिटर सोडला तर पंधरा मिनिटे. कंट्रोलरवर ९००, फरक १००, म्हणजे पातळी ८०० वर उतरली की गॅस पुन्हा सुरू. दिवे लागल्यावर अर्ध्या तासाने सुरू, विझण्याआधी तासभर बंद. एक्झॉस्ट पंखा गॅसच्या वेळेत बंद पाहिजे; स्प्लिट एसी चालतो, तो आतलीच हवा फिरवतो. ८ चौरस मीटर ट्रे पानांनी भरले असतील, दारे नीट बसत असतील आणि दिवे चौदा तास असतील तर दिवसाला २०० ते २५० ग्रॅम जातात. ४.५ किलोचा सिलिंडर अडीच-तीन आठवडे पुरतो. याच्या निम्म्या दिवसांत संपला तर दाराची फट पाहा, झाडे नव्हे. १२०० च्या पुढे जाऊ नका, तिथून वाढ जवळपास थांबते.

यातही चुकते कुठे? बहुधा कॅल्शियममध्ये. सीओटू वाढला की झाड पर्णरंध्रे थोडी मिटून घेते, बाष्पोत्सर्जन घटते. पाणी वाचते, कोरड्या मुलखात ते वरदान. आपल्याकडे हवेत आधीच ८५-९० टक्के दमटपणा. पाण्याबरोबर वर चढणारे कॅल्शियम कोवळ्या टोकांपर्यंत पोचत नाही: लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा करपतात, टोमॅटो-मिरचीच्या फळाचे बूड काळे पडते. लोक बुरशी समजून औषध मारतात. खरा उपाय म्हणजे पानांवरून सतत हवा खेळवणे आणि खोलीचा दमटपणा ७० च्या आसपास उतरवणे. दुसरी चूक छोट्या कुंड्यांची. मुळांना जागा नसेल तर वाढीव साखर कुठे जायची? पानातच साठते, झाड रुबिस्को कमी करते आणि दोन-तीन आठवड्यांत सुरुवातीचा जोर ओसरतो. पाने फिकट दिसतात, कारण वाढलेल्या वजनात नत्र पातळ झालेले असते. रोपे वेळेवर मोठ्या कपात हलवा, खताच्या पाण्यात नत्र थोडे वाढवा. आणि दिवे कमजोर असतील तर आधी दिवे. उजेड नसताना गॅस घालणे म्हणजे चूल न पेटवता तांदूळ वाढवणे.

मायक्रोग्रीन विकणाऱ्यांनी 'सीओटू दिलेले, म्हणून जास्त पौष्टिक' असे डब्यावर छापू नये. उघड्या शेतातल्या प्रयोगांत ५५० पीपीएमच्या आसपास गव्हातले जस्त सुमारे ९ टक्के आणि लोह ५ टक्के घटले, भातातली प्रथिनेही घटली. वजन वाढते, कस वाढतोच असे नाही.

स्वस्त पर्यायांबद्दल थोडक्यात. टांगायच्या अळंबीच्या पिशव्यांना मोजमाप नाही, त्या रात्रंदिवस सारख्याच चालतात आणि गोव्याच्या उबेत हिरव्या बुरशीने लवकर बिघडतात. यीस्ट-साखरेच्या बाटल्या: १ किलो साखरेतून जेमतेम अर्धा किलो सीओटू, मत्स्यपेटीला ठीक, खोलीला नाही. एलपीजीचा बर्नर किलोमागे ३ किलो सीओटू देतो खरा, पण सोबत दीड किलोवर पाण्याची वाफ आणि बारा-तेरा युनिट उष्णता. दमट आणि गरम, दोन्ही आपल्याकडे आधीच भरपूर आहे. ज्योत पिवळी झाली तर इथिलीन आणि कार्बन मोनॉक्साइड वेगळे.

काजूच्या हंगामात हटकून एक प्रश्न येतो: भट्टीवर रस आंबतो त्याचा वायू नळीने आणला तर? १०० लिटर रसात १० टक्के साखर धरली तर ५ किलोच्या आसपास सीओटू होतो, हिशेब वाईट नाही. पण तो दोन-चार दिवसांत, स्वतःच्या मर्जीने येतो, अल्कोहोलची वाफ घेऊन येतो, आणि हंगाम संपला की वर्षभर नाही.

त्या भट्टीवाल्यांना एक गोष्ट मात्र ठाऊक असते, जी या संचाच्या पुस्तिकेत नाही: आंबवणाच्या बंद खोलीत वाकून डोके घालायचे नाही. ४.५ किलोचा सिलिंडर ३० घनमीटरच्या खोलीत गळून रिकामा झाला तर हवेत ८ टक्क्यांवर सीओटू होतो. आठ तासांच्या कामासाठी मर्यादा अर्ध्या टक्क्याची, आणि ४ टक्क्यांनाच जिवाला धोका धरतात. वास नाही, रंग नाही. कंट्रोलर फक्त गॅस चालू-बंद करतो, ओरडत नाही. म्हणून वरून आणायची दुसरी वस्तू ५,००० पीपीएमला वाजणारा अलार्म. तो जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा आणि त्याची वीज कंट्रोलरच्या प्लगवरून घेऊ नका. सिलिंडर खोलीत ठेवूच नये: बाहेर उत्तरेच्या भिंतीला, साखळीने बांधून, वर पत्र्याची पडवी काढून. आत यावी ती फक्त ६ मिलिमीटरची नळी.